दोन चाकांचा हिशोब

मंडळाच्या अंकात गाडीच्या डिफरन्शियलवर लेख, म्हणजे याला दुसरा विषय मिळाला नाही असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात या एका भागावरून इतकी चर्चा झाली, की लग्नाच्या बोलण्यांनाही एवढी होत नाही. म्हणून लिहितोय. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही, त्यांनीही वाचा. अवघड काही नाही.

आमचं मूळ गाव उत्तर कन्नडमधल्या जोयडा तालुक्यात. आजोबांचं घर जुन्या सुप्याला होतं. काळी नदीवरचं सुपा धरण १९८७ साली पूर्ण झालं. सुपा पाण्याखाली गेलं आणि तिथली कितीतरी घरं रामनगरला आली. आमचं घरही त्यातलंच. काका अजून रामनगरलाच राहतात. आत्याचं सासर मात्र अणशीच्या बाजूला, जंगलाला लागून. सुपारीची बाग, चार घरं आणि डांबरी रस्त्यापासून आत जाणारी मातीची वाट. जून ते सप्टेंबर ती वाट म्हणजे नुसता लाल चिखल, मध्ये एक ओढा आणि मग चढ. अॅम्ब्युलन्स डांबरी रस्त्यावरच थांबते. आत्याला हृदयाचा त्रास आहे. तिला आणि शेजारच्या तीन घरांना पावसात बाहेर काढणारं एकच वाहन, ते म्हणजे काकांची बावीस वर्षांची फोर-बाय-फोर जीप.

ही जीप जुलैत चढावर अडकायला लागली. मागचं डावं चाक जागच्या जागी गरगर फिरायचं आणि उजवं नुसतं उभं राहायचं. भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच ठरलं, "जीप विका, आत्याला बेंगळुरूला आणा." आत्याचं उत्तर एका ओळीचं होतं : "बाग कोण बघणार?" काकांचा उपाय त्याहून सोपा. "अरे, आतले गियर वेल्डिंग मारून एक करूया की. चारशे-पाचशेत काम होतंय."

मी संगणकातला बी.ई., मेकॅनिकलचा नव्हे. पण या जीपखाली लहानपणापासून पाने-पक्कड देत बसलोय. म्हणून मी आधी रोग काय आहे ते बघायचं ठरवलं.

लेझीम पथक कोपऱ्यावर वळताना बघितलंय ना? आतल्या बाजूचा गडी जवळजवळ जागेवरच पाय हलवतो आणि बाहेरच्याला भराभर चालावं लागतं. गाडीच्या दोन चाकांचंही तसंच. एका सरळ दांड्यावर दोन्ही चाकं पक्की बसवली, तर वळणावर त्यातलं एक घसटतच जाणार. डिफरन्शियल दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. पण त्यात एक गोम आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. चिखलातलं चाक जेवढा जोर पेलू शकतं, तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. चिखलातलं काहीच पेलत नाही, म्हणून दुसऱ्यालाही काही मिळत नाही. फोर-बाय-फोर असली तरी ओढ्यात पुढचं एक आणि मागचं तिरकं समोरचं चाक हलकं झालं, की गाडी उभी.

यावरचा उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. यात बाजूच्या गियरांमागे घर्षणाच्या पातळ चकत्यांचा एक थर असतो, थेट क्लचप्लेटसारखा. वळणावरचा थोडा फरक या चकत्या चालू देतात. एक चाक फारच पळायला लागलं, की त्याला आवळतात आणि जोर दुसऱ्याकडे वळवतात. हे मूळचं शर्यतीच्या गाड्यांचं अपत्य. १९३० च्या दशकात फर्डिनंड पोर्शे यांनी आखलेल्या ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांना इतकी ताकद होती, की वळणावर आतलं चाक रस्त्यावर नुसतंच फिरायचं. तेव्हा जर्मनीच्या झेडएफ कंपनीने अशा डिफरन्शियलचं काम केलं. आजही कितीतरी स्पोर्ट्स कारमध्ये हाच भाग असतो. आमच्या जीपला तो पहिल्या मालकाने हौसेने बसवून घेतलेला.

तो झिजलाय का, हे बघायची पद्धत साधी आहे. पुढच्या चाकांना दगड लावायचे, गियर न्यूट्रलला, मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं आणि ते टॉर्क रेंचने फिरवून बघायचं. चकत्या धडधाकट असतील तर बऱ्यापैकी जोर लागतो. आमचं चाक काकांनी एका हाताने फिरवलं.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मेस्त्रींकडे जीप नेली. तेल सोडलं तर काळंकुट्ट, आणि त्यात चांदीसारखी चमक. ती चमक म्हणजे झिजलेलं लोखंड. या डिफरन्शियलला गियर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर नावाचं एक द्रव्य घालावं लागतं. ते नसेल तर वळणावर चकत्या धरतात-सुटतात, मागून कडकड आवाज येतो आणि झीज वाढते. जीपचा असा आवाज दोन वर्षांपूर्वी यायचा, मग आपोआप बंद झाला होता. म्हणजे धरायला काही उरलंच नव्हतं.

वेल्डिंगचा प्रश्न मेस्त्रींनीच निकालात काढला. "काका, ट्रॅक्टरला टाचेखाली डिफ लॉकचं पेडल असतंय. अडकला की दाबायचं, सुटला की सोडायचं. वेल्डिंग मारलं म्हणजे ते पेडल जन्मभर दाबून ठेवल्यासारखं. अणशी घाटात ओल्या डांबरावर वळताना गाडी सरळच जायला बघंल. एखाद्या दिवशी अॅक्सलही मोडंल." काका गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, मग नवं बसवा."

नुसत्या चकत्या बदलून भागणार नव्हतं. त्यांचे कान ज्या खाचांत बसतात, त्या खाचाही झिजल्या होत्या. म्हणून पूर्ण युनिट मागवलं. खर्च भावंडांत वाटला, आणि त्यावरून ग्रुपवर पुन्हा एक फेरी झाली. मी एवढंच लिहिलं, की ही दुरुस्ती गाडीची नाही, आत्याला तिच्या घरात राहता यावं याची आहे. बेंगळुरूच्या फ्लॅटचं दार तिला कायम उघडं आहेच, पण तिने यायचं ते तिच्या मनाने, रस्ता बंद झाला म्हणून नव्हे. दोन दिवसांत सगळ्यांचे पैसे जमा झाले.

बसवायच्या कामात मी दोन दिवस मेस्त्रींच्या हाताखाली होतो. बेअरिंगच्या कॅप काढण्याआधी त्यांनी डाव्या-उजव्या खुणा केल्या, कारण त्या जागच्या जागीच जायला हव्यात. क्राउन जुन्या युनिटवरून काढून नव्यावर चढवला आणि बोल्ट समोरासमोरचे घेत टप्प्याटप्प्याने आवळले. खरी कसोटी त्यानंतर. क्राउन आणि पिनियनच्या दातांत अगदी थोडी मोकळीक ठेवावी लागते. आमच्या जीपच्या मॅन्युअलात ती ०.१३ ते ०.२० मिलिमीटर दिली होती. डायल गेजवर पहिल्यांदा ०.३० आली. मग एका बाजूचा शिम कमी, दुसऱ्या बाजूला तेवढाच जास्त, पुन्हा सगळं आवळा, पुन्हा मोजा. चौथ्या खेपेला ०.१८. दातांना रंग लावून गियर फिरवला, रंगाचा ठसा दाताच्या मधोमध उमटला, तेव्हा मेस्त्रींनी चहा सांगितला. आमच्या कामात चुकलेला बदल एका कमांडने मागे घेता येतो. इथे प्रत्येक वेळी सगळं हाताने उघडावं लागतं, म्हणून माणूस आधी दोनदा मोजतो.

शेवटी योग्य तेल आणि ते मॉडिफायर घातलं आणि मोकळ्या जागेत हळूहळू इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या दहा-पंधरा फेऱ्या मारल्या, म्हणजे चकत्यांत तेल मुरतं.

एक सांगतो, हा भाग म्हणजे जादू नाही. एक चाक पूर्ण हवेत लटकलं तर तो फार काही करू शकत नाही. तेव्हा अॅक्सिलरेटर देतानाच ब्रेक हलकासा दाबायचा. फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा मिळतो आणि जोर दुसऱ्याकडे जातो. काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "ते मी वीस वर्षं करतोय की!"

ऑगस्टमध्ये जीप तीनदा आत्याकडे जाऊन आली. एकदा तिच्या तपासणीसाठी, एकदा शेजारच्या बाळंतिणीला आणायला आणि एकदा नुसतं गौरीचं सामान पोचवायला. चढावर मागची दोन्ही चाकं माती खात वर गेली.

तुमच्याही गावी अशी एखादी म्हातारी गाडी असेल, जिच्यावर कुणाचं तरी तिथलं राहणं अवलंबून असेल. पुढच्या सुट्टीत गेलात की तिच्याखाली एकदा डोकावा. मागच्या डिफरन्शियलमध्ये कुठलं तेल आहे, शेवटचं कधी बदललं, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत आता लिहिलंय : नवं युनिट, पहिलं तेल हजार किलोमीटरला बदलणे. त्याखाली काकांच्या अक्षरात : "मॉडिफायर विसरू नये."