कोझारात्सचा रस्ता

बान्या लुका सोडून प्रियेदोरच्या दिशेने निघाले की बोस्नियाचा हा वायव्य भाग डोळ्यांना अगदी साधा वाटतो : उजवीकडे कोझारा डोंगर, पायथ्याशी मक्याची शेते, लाल कौलांची घरे. इथला इतिहास वाचायला पुढे धावणाऱ्या मोटारीची नंबरप्लेट पुरते. तिच्यावर सातच अक्षरे वापरतात, लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी, म्हणजे गाडी युद्धातल्या कुठल्या बाजूची हे प्लेटवरून कळत नाही. ही पद्धत 1998 सालची. त्याआधी प्लेट पाहूनच गाडी अडवता येत असे, आणि अडवली जातही असे. निर्वासितांना घरी परतण्याचा हक्क मात्र युद्ध संपवणाऱ्या 1995च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टानेच दिलेला होता. हक्क मिळाल्यावरही गावापर्यंतचा रस्ता मोकळा व्हायला इतका वेळ लागला. परतण्याचा प्रश्न घराच्या मालकीचा म्हणून मांडला जातो. या रस्त्यावर तो आधी पोलिसांचा आणि नगरपालिकेचा होता.

कोझारात्स हे प्रियेदोरजवळचे, बहुसंख्य बोस्नियाक मुसलमानांचे गाव. 24 मे 1992 रोजी सर्ब फौजांनी त्याच्यावर तोफा डागल्या. वाचलेल्यांची रवानगी ओमार्स्काच्या लोखंडाच्या खाणीत, केरातेर्मच्या कारखान्यात आणि ट्रनोपोल्येच्या शाळेत उघडलेल्या छावण्यांमध्ये झाली. मागे गाव जाळले गेले. युद्ध संपले तेव्हा नकाशात प्रियेदोर बोस्नियाच्याच अंतर्गत असलेल्या सर्ब प्रजासत्ताकाकडे राहिले, आणि छावण्यांच्या काळात पोलीसप्रमुख असलेल्या सिमो द्र्ल्याचाचा तिथला दबदबाही टिकून राहिला. कोझारात्सचे पुष्कळ लोक या प्रजासत्ताकाच्या सीमारेषेपलीकडे सान्स्की मोस्तमध्ये वाट पाहत होते. 10 जुलै 1997 रोजी ब्रिटिश सैनिक द्र्ल्याचाला पकडायला गेले; त्याने गोळीबार केला आणि तो मारला गेला. त्यानंतरच्या वर्षांत लोक परतू लागले. एका माणसाच्या जाण्याला इतके महत्त्व देणे भाबडेपणाचे आहे, असा आक्षेप रास्त आहे, कारण पुढे पैसाही आला आणि आंतरराष्ट्रीय दबावही वाढला. पण ज्याने आपल्याला हाकलले त्याच्याच चौकीत संरक्षण मागायला कोण जाईल? ही अडचण कुठल्याही अनुदानाने सुटणारी नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बोस्नियात घरांच्या मालकीचे सुमारे दोन लाख दावे दाखल झाले आणि त्यांतले बहुतेक निकाली निघाले. युद्धोत्तर जगात हे विरळच. पण त्या घरांत राहणारी कुटुंबेही अनेकदा दुसरीकडून हाकललेलीच होती. सान्स्की मोस्तहून प्रियेदोरला आलेले सर्ब त्यांतलेच. एका निर्वासितासाठी दुसऱ्याला बाहेर काढायचे? उत्तर होकारार्थी द्यावे लागते, कारण त्या दुसऱ्याचेही घर पलीकडे कुणीतरी अडवलेले होते, आणि कुठून तरी सुरुवात केल्याशिवाय ही साखळी सुटत नव्हती. खरा तोटा वेगळा झाला. किल्ली हातात पडताच अनेकांनी घर विकले किंवा बदलून घेतले. सरकारी दफ्तरात दावा निकाली निघाला, माणूस मात्र परतला नाही. कोझारात्सचे तसे झाले नाही, याला एक क्रूर कारण आहे. तिथली घरे राखच झालेली असल्याने त्यांत कुणी घुसखोर नव्हता आणि विकण्यासारखेही फारसे काही नव्हते. लोक एकेकटे न येता जथ्याने आले आणि त्यांनी परदेशी कमाईतून भिंती उभारल्या. 2013च्या जनगणनेत प्रियेदोर नगरपालिकेतील जवळपास एक-तृतीयांश लोक बोस्नियाक होते. 1991मध्ये ते सुमारे 44 टक्के होते.

यावर कुणी म्हणेल की ही उन्हाळी वस्ती आहे, ऑस्ट्रियाची नि जर्मनीची प्लेट लावलेल्या गाड्या ऑगस्टात येतात आणि पुन्हा निघून जातात. ते खरे आहे, पण त्याचा दोष परतणाऱ्यांच्या मायेवर टाकता येणार नाही. ट्रनोपोल्येत पूर्वीच्या छावणीच्या जागी आज सर्ब सैनिकांचे स्मारक उभे आहे. पूर्व बोस्नियातील कोन्येविच पोल्येमध्ये 2013 साली परतलेल्या पालकांनी भाषा आणि इतिहास आपल्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवला जावा म्हणून मुले शाळेतून काढून घेतली. म्हातारे आईवडील पेन्शनवर कुठेही राहू शकतात. पण तिशीच्या जोडप्याला मुलांसाठी शाळा हवी, नगरपालिकेत नाही तर खाणीत नोकरी हवी, आणि ती आडनाव पाहून नाकारली जाणार नाही याची खात्री हवी. घर बांधायला देणगीदार मिळतात. या तिन्ही गोष्टी स्थानिक सत्तेच्या हातात असतात, आणि डेटनने ती सत्ता बहुतांशी युद्धाने आखलेल्या रेषांच्या आतच सोपवली.