बॉस नाही, बोस!

मार्च एंडच्या शुक्रवारी आमचं प्रोजेक्ट बंद झालं. मीटिंग अकरा मिनिटांची, स्लाइड एकच. कारखान्यातल्या मशीनच्या आवाजावरून बेअरिंग बिघडतंय का, हे ओळखणारं सॉफ्टवेअर आम्ही सहा जण दीड वर्ष बनवत होतो. 'या क्वार्टरला नंबर्स दिसत नाहीत,' बॉस म्हणाला. आवाज एकदम गोड. सोमवारपासून मी एका बँकेच्या अकाऊंटवर टीम लीड, पगारही वाढणार. 'हो की नाही ते सोमवारी सांग,' हे वर.

मी डेस्कवर आले, हेडफोन चढवले आणि स्विच ऑन केला. एसीची घरघर गायब. शेजारचा क्लायंट कॉल पार लांब गेला. गाणं लावलंच नाही, नुसती बसून राहिले.

हे हेडफोन म्हणजे माझी पहिली चैन. पहिल्या अप्रेझलनंतर सहा हप्त्यांत घेतलेले. बाबांना खरी किंमत आजतागायत सांगितलेली नाही. मिरजेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दोन छोटे स्पीकर आणि एका पट्टीला एवढे पैसे म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध वेडेपणा!

हिंजवडीचा ट्रॅफिक नेहमीसारखाच ठप्प. बसमध्ये टाइमपास म्हणून हेडफोनच्या कंपनीबद्दल वाचायला घेतलं. बोस हे आडनाव बंगाली, एवढंच मला ठाऊक होतं.

अमर बोस १९२९ साली फिलाडेल्फियात जन्मले. वडील बंगाली क्रांतिकारक, इंग्रजांच्या हातून निसटून अमेरिकेत पोचलेले. दुसऱ्या महायुद्धात वडिलांचा आयातीचा धंदा बसला, तेव्हा शाळकरी अमरने रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावला. इथे मी थबकलेच. आमचं घरही रेडिओवरच चाललं होतं की!

पुढे एमआयटी. १९५६ साली या पठ्ठ्याने भारीतली स्टीरिओ सिस्टिम घेतली. कागदावरचे आकडे झकास, पण व्हायोलिन ऐकलं तर भलतंच. लहानपणी स्वतः व्हायोलिन शिकलेला माणूस, कानाला फसवणार कोण? त्याच्या लक्षात आलं की मैफिलीच्या हॉलमध्ये बहुतेक आवाज भिंतींवरून, छतावरून आपटून आपल्यापर्यंत येतो, थेट येतो तो थोडाच. १९६४ साली कंपनी निघाली. गुरू प्रा. वाय. डब्ल्यू. ली यांनी त्यात स्वतःची पुंजी घातली. पहिला स्पीकर बाजारात आपटला. १९६८ सालच्या '९०१' ने मात्र नाव काढलं. त्यात नऊ स्पीकर, पैकी आठ रुसलेल्या वऱ्हाड्यांसारखे आपल्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलेले!

हाय-फायचे कट्टर भक्त बोसचं नाव काढलं की नाक मुरडतात, हेही सांगायला हवं, नाहीतर ही आरती व्हायची. १९७० साली एका ग्राहक मासिकाने '९०१' वर टीका केली. बोस कोर्टात गेले, प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं आणि १९८४ साली कंपनी हरली. इतकं मनाला लावून घ्यायचं कशाला, असं मला तरी वाटलं.

पण माझ्या डोक्यात घुसली ती १९७८ ची गोष्ट. झुरिकहून परतताना विमानात मिळालेला हेडफोन इंजिनाच्या घरघरीपुढे फिका पडला. बोस यांनी तिथेच बसून गणित मांडलं. कानाजवळच्या माइकने बाहेरचा आवाज पकडायचा, त्याच्या बरोबर उलटी लाट तयार करायची आणि दोन्ही एकमेकींना भिडवायच्या. त्या एकमेकींना खाऊन टाकतात. आयडिया एका फ्लाइटमध्ये सुचली, पण पायलटांसाठीचा हेडसेट विक्रीला आला १९८९ साली. तुमच्या-माझ्यासाठीचा आला थेट २००० साली. बावीस वर्षं! म्हणजे अठ्ठ्याऐंशी क्वार्टर. मी बसमध्ये बोटांवर मोजले.

हे जमलं कसं? कंपनी शेअर बाजारात कधी उतरलीच नाही. नफा पुन्हा संशोधनात. दर तीन महिन्यांनी जाब विचारायला कुणी नाही. याचा दुसरा नमुनाही ऐका. १९८० साली त्यांनी गाडीचे धक्के गिळणारं सस्पेन्शन करायला घेतलं, ते जगाला दाखवलं २००४ साली. त्यातून ट्रक ड्रायव्हरची सीट निघाली, पण गाड्यांच्या बाजारात ते काही उतरलं नाही. २०१७ साली तंत्रज्ञान विकून टाकलं. माझा बॉस म्हणाला असता, 'काय मिळवलंत?' आणि खरं सांगू? मीही क्षणभर तेच म्हटलं.

२०११ साली बोस यांनी कंपनीचे बहुसंख्य शेअर एमआयटीला देऊन टाकले. अट अशी की ते विकायचे नाहीत, कारभारात लुडबुड करायची नाही, फक्त डिव्हिडंड घ्यायचा. २०१३ साली ते गेले. पुढचे दिवस काही सगळे गुलाबी नव्हते. २०२० साली कंपनीने उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि ऑस्ट्रेलियातली ११९ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण २०२४ साली तिने मॅकिन्टॉश ग्रुपच विकत घेतला. म्हणजे नाक मुरडणाऱ्यांच्या देवघरातले दोन देव, मॅकिन्टॉश आणि सोनुस फाबेर, आता बोसच्या घरी!

शनिवारी मिरज गाठली. जेवणानंतर बाबांना सगळं सांगितलं, प्रोजेक्टचंही.

"मशीनचा आवाज ऐकून बिघाड कळायचा त्याला?" त्यांनी विचारलं. "मी रेडिओची खरखर ऐकून सांगायचो, व्हॉल्यूम कंट्रोल गेलाय म्हणून."

"तेच बाबा, तेच आम्ही कॉम्प्युटरला शिकवत होतो."

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. बाबांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. हेडफोन काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. मग चष्मा लावून कानाची वाटी उलटीसुलटी करून बारीक भोकं न्याहाळली.

"याला किती वर्षं लागली म्हणालीस?"

"बावीस."

"आणि तुम्हाला दीडच दिलं होय?"

मी काही बोलले नाही. बाबा उठून आतल्या कपाटाकडे गेले. डबा उघडल्याचा आवाज आला आणि ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन परतले.

"बाबा, वॉरंटी आहे त्याला!"

"असू दे गं. नुसतं बघतो."