गिरडचा चढ

गिरडच्या डोंगराला डोंगर म्हणावे की टेकडी, असा प्रश्न सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला पडणे साहजिक आहे. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील हे गाव. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आणि भोवताली जंगलाने झाकलेल्या बुटक्या रांगा. कोणी गिर्यारोहक या वाटेला मुद्दाम यायचा नाही. परंतु उंची मोजण्याच्या रीती दोन आहेत. एक मोजणी खात्याची, समुद्रसपाटीपासून वर जाणारी. दुसरी सायकलस्वाराची, गुडघ्यांनी करावयाची. या दुसऱ्या मापाने गिरड हा डोंगराळ मुलूखच ठरतो.

रांगेपलीकडच्या एका लहानशा वस्तीवर आपली चार ख्रिस्ती कुटुंबे राहतात. महिन्यातून दोन रविवारी तेथे मिस्सा अर्पण करण्यास आम्ही जातो. आठवड्यात कोणी आजारी असले तर आणखी एक फेरी होते. पावसाळ्यात आणि वैशाखात मोटार. मात्र दिवाळी सरल्यापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत सायकल. "गाडी असून सायकलीनं काहून येता जी, फादर?" हा वस्तीवरील एका आजींचा दर वर्षीचा प्रश्न. त्यांना आम्ही काय सांगणार? पुण्याला नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरीत शिकत असताना सुटीच्या दिवशी कात्रजचा घाट चढून जाण्याची खोड जडली. गुरुदीक्षेनंतर पुष्कळ खोडी सुटल्या, ही तेवढी सुटली नाही.

हिवाळ्यातील पहाट सायकलस्वाराला भूगोल शिकवते. रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत नाल्यांच्या खोलगटांत साचते. मोटारीत बसलेल्याला हे कधी कळावयाचे नाही. नाल्यापाशी उतरताना कानांच्या पाळ्या बधिर होतात, हँडलवरची बोटे लाकडी होतात. मग चढ लागतो आणि दोन-तीनशे पावले वर आलो की कोणी अंगावर शाल टाकावी तशी हवा बदलते. चढावर घाम, उतारावर त्याच घामाची हुडहुडी. म्हणून उतरण्यापूर्वी सदऱ्याच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी सरकवावी. युरोपातील घाटांच्या शर्यतींत नामांकित स्वारही हेच करीत आले आहेत. वर्तमानपत्र नसल्यास धर्मप्रांताचे परिपत्रकही चालते, असा आमचा अनुभव आहे.

गिरडच्या डोंगराची एक कथा येथे सांगितली पाहिजे. कोणी फिरता व्यापारी फरीदबाबांची थट्टा करून गेला, तेव्हा त्याच्या मालातील नारळ-सुपाऱ्यांचे दगड झाले. तो शरण आला तेव्हा बाबांनी त्याला माल परत दिला, दगड मात्र डोंगरावरच राहिले. सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड येथे खरोखरच सापडतात. भूगर्भशास्त्र सांगते की लाव्हा थंड होताना त्यात हवेच्या पोकळ्या राहिल्या आणि कालांतराने त्यांत झिओलाइट नावाची खनिजे भरत गेली. खडक झिजला की ती दाण्यांसारखी मोकळी होतात. दर्ग्यावर हिंदू आणि मुसलमान दोघेही श्रद्धेने येतात, आणि ही गोष्ट आम्हाला त्या दोघांकडूनही एकाच शब्दांत ऐकावयास मिळाली.

आता चढाविषयी. आमची सायकल साधी, एकच गिअर असलेली. सपाटीवर ती तासाला पंधरा किलोमीटर सहज जाते. चढ लागला की सहावर येते आणि मग असा एक क्षण येतो की पायी चालणारा आणि आम्ही बरोबरीने चाललेले असतो. तेथे आम्ही मुकाट्याने उतरतो आणि सायकल ढकलू लागतो. तरुण वाचक हसतील. त्यांच्यासाठी आपल्याच विदर्भात थोर उदाहरण आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पुरी केली. त्या वाटेवर रॉकी पर्वतातील १०,८५७ फूट उंचीची खिंड ओलांडावी लागते. इटलीत कोमो सरोवराजवळ गिझालोचा ७५४ मीटर उंचीचा घाट आहे; तेथल्या चॅपेलमधील मरियामातेला पोप बारावे पायस यांनी १९४९ साली सायकलस्वारांची आश्रयदात्री घोषित केले. भिंतींवर विजेत्यांच्या सायकली टांगल्या आहेत, आणि १९९५ साली पिरेनीजच्या उतारावर मृत्यू पावलेल्या फाबियो कासार्तेल्ली याची मोडलेली सायकलही आहे. त्याच देशातील जिनो बार्ताली दोनदा 'तूर द फ्रान्स' जिंकला. पण याद वाशेम या संस्थेने २०१३ साली त्याचा गौरव केला तो युद्धकाळात ज्यू कुटुंबांना वाचविण्यासाठी सायकलीवरून खोटी ओळखपत्रे पोचविल्याबद्दल. शर्यती कोणत्या साली जिंकल्या हे आम्हाला पाठ नाही, ही दुसरी गोष्ट मात्र विसरत नाही.

आम्ही ढकलणाऱ्यांपैकी आहोत, आणि ढकलणाऱ्याला सोबत मिळते. सकाळी कापूस वेचावयास निघालेल्या बाया, कापसाने शिगोशिग भरलेली एखादी बंडी, आणि सायंकाळी शाळेतून परतणाऱ्या मुली. आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळत आल्या आहेत. वस्तीवरील तिघींकडे सायकली आहेत. शाळा पाचला सुटते आणि डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सपाट रस्ता त्या झपाट्याने कापतात. चढावर येईपर्यंत अंधारून येते आणि नेमके तेथेच, दोन्ही अंगांना जंगल असताना, त्यांना उतरून चालावे लागते.

हे जंगल आता पूर्वीचे राहिलेले नाही. उमरेडच्या बाजूला २०१२ साली उमरेड-करांडला अभयारण्य घोषित झाले. वाघांना अभयारण्याची हद्द दाखविणारा फलक वाचता येत नाही. गिरडच्या रानातही त्यांचा वावर असतो. वाघ वाढले याचा आनंद आम्हाला आहे, आणि तो आनंद शहरात बसून व्यक्त करणे सोपे आहे हेही आम्ही जाणतो. गेल्या आगमनकाळात एका मुलीच्या वडिलांनी आम्हाला सरळ विचारले, "फादर, पोरीले शाळेतून काढू का?" माणूस मुलीच्या शिक्षणाचा वैरी नव्हता. त्याने रस्त्याच्या कडेला ओल्या मातीत पंजाचा ठसा पाहिला होता.

आम्ही शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलो. नाताळाच्या सुटीपासून मकरसंक्रांत उलटेपर्यंत चढापलीकडच्या मुलींना साडेचारला सोडावे, एवढीच विनंती. त्यांनी ती मान्य केली, बुडालेला तास सकाळी भरून घेण्याच्या अटीवर. शिवाय तिघींनी एकत्रच निघावे, कोणाची चाकातली हवा गेली तरी दोघींनी थांबावे, असे ठरले. पंक्चर काढावयास त्या आमच्या अंगणात शिकल्या. ही विद्या फारच उपयोगी, कारण हिवाळा सरताना शेतांची काटेरी कुंपणे इकडून तिकडे ओढली जातात आणि बाभळीचे काटे रस्त्यावर पसरतात.

फेब्रुवारीच्या अखेरीस सूर्य सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत रेंगाळतो. मुलींची वाट उजेडात येते. काटेसावर फुललेली असते, पळस पेटू लागलेला असतो, सागाची भलीमोठी वाळकी पाने चाकाखाली पापडासारखी मोडतात. वसंत आला म्हणावा तर धोका संध्याकाळ सोडून पहाटेकडे सरकतो. मार्चमध्ये मोहाची फुले गळू लागतात. ती रात्रभर गळतात, म्हणून जनावरांनी खाण्याआधी वेचावयाची तर अंधारातच निघावे लागते. सायकलस्वार त्या झाडाखालून निमिषात निघून जातो. वेचणारी बाई तेथे दोन तास वाकून बसलेली असते. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असे वनखात्याचे लोक सांगतात.

वस्तीवरची मिस्सा सातला असे. मोह वेचून, घरी येऊन, आंघोळ करून सातला बसावयाचे तर बायांना चारलाच जंगलात शिरावे लागे. मागच्या प्रायश्चित्तकाळात त्या चौघी घरांनी मिळून वेळ बदलून मागितली, आणि आता मोहाच्या दिवसांत मिस्सा दहाला होते. बाया उजाडल्यावर, घोळक्याने जातात. ओटीत फुले थोडी कमी येतात.

परतीला मात्र आम्हाला बारा वाजतात. मार्चअखेरचे ऊन डोक्यावर, डांबर मऊ, आणि ट्यूबवरचे जुने ठिगळ उन्हाने सुटण्याची धास्ती. रस्त्याकडेचे पळस फुलांनी लालभडक झालेले, पण पान एकही नाही, त्यामुळे सावलीच्या नावाने शून्य. आजींनी ताकाची बाटली बांधून दिलेली असते. चढाच्या मध्यावर एक कडुनिंब आहे. तेथवर सायकल ढकलत नेतो, बाटली रिकामी करतो आणि ट्यूब चाचपून पाहतो.