नदीला लागलेली धाप आणि घरातली कावीळ

एप्रिल-मे महिन्यात पंचगंगेचे पाणी आटते, त्याला काळपट हिरवा रंग चढतो आणि बंधाऱ्याच्या कडेला मेलेल्या माशांचा खच दिसू लागतो. मग माझ्या दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न येतो. "डॉक्टर, नदीत विष सोडलंय म्हणे. नळाचं पाणी प्यायचं का नाही?"

कोल्हापूर जिल्ह्यात इतकी वर्षे प्रॅक्टिस करताना या प्रश्नाचे उत्तर मी तुकड्या-तुकड्यांत देत आलो आहे. आज ते सलग देतो. त्यासाठी शाळेत शिकलेले कार्बन चक्र थोडे आठवावे लागेल. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही.

उसाच्या पानापासून तुमच्या श्वासापर्यंत

उसाचे पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि पाणी व सूर्यप्रकाश वापरून त्याची साखर बनवते. ती साखर चहातून तुमच्या पोटात जाते. तुमच्या पेशी ती प्राणवायूच्या मदतीने जाळतात. त्यातून शक्ती मिळते आणि कार्बन श्वासावाटे परत हवेत जातो. एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तो अलीकडेच हवेतून पिकात आलेला असतो, त्यामुळे हिशेब जुळतो. कोळसा आणि पेट्रोल जाळल्यावर मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला कार्बन वर येतो. पृथ्वीचे तापमान वाढते आहे ते त्यामुळे.

पण आपल्या वापरातला सगळाच कार्बन श्वासातून जात नाही. मैला, खरकटे, साबणाचे पाणी, कारखान्याचे सांडपाणी यांतही कार्बन असतो. तो नाल्यावाटे नदीत जातो. चक्र तिथेही चालूच राहते. फक्त तो कार्बन जाळण्याचे काम आता पाण्यातले जिवाणू करतात, आणि त्यांनाही प्राणवायू लागतोच.

एक चमचा साखर, सातशे लिटर पाणी

इथे खरी अडचण येते. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर स्वच्छ नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू जेमतेम 8 मिलिग्रॅम असतो. मासे, खेकडे, शिंपले सगळ्यांना एवढ्यावरच भागवायचे असते.

आता हिशेब करा. पाच ग्रॅमचा चहाचा चमचाभर साखर पूर्ण जाळायला साडेपाच ग्रॅमपेक्षा थोडा जास्त प्राणवायू लागतो. म्हणजे जवळजवळ सातशे लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू एका चमच्यापायी संपू शकतो. पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू लागेल, या मोजमापाला बीओडी म्हणतात. आंघोळीला योग्य नदीत तो लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत हवा. घरगुती सांडपाण्यात तो दोनशे-तीनशेच्या घरात असतो. मळीपासून मद्यार्क बनवताना निघणाऱ्या स्पेंटवॉशवर प्रक्रिया केली नाही, तर तो चाळीस हजारांच्याही वर असतो.

वाहती नदी हवेतून प्राणवायू घेऊन स्वतःला सावरते. पण उन्हाळ्यात प्रवाह थांबतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि जिवाणूंची भूक मात्र वाढते. सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर जलपर्णी फोफावते आणि पाणी झाकून टाकते. कोविडच्या काळात तुम्ही बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा घसरताना पाहिला असेल. तसाच नदीचाही आकडा घसरतो. विषारी रसायनांनी मासे मरतात हे खरे आहे, पण आपल्याकडे उन्हाळ्यात पुष्कळदा ते गुदमरून मरतात. प्राणवायू संपला की वेगळे जिवाणू ताबा घेतात. मग सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मिथेन वायू तयार होतो, जो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो.

मग कावीळ कुठून येते?

2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. तिचा विषाणू हिपॅटायटिस ई, जो रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो. त्या दिवसांत माझ्याकडे सात महिन्यांची गरोदर मुलगी आली. डोळे पिवळे, उलट्या थांबत नव्हत्या. तिची सासू सारखी एकच सांगत होती, "साहेब, आम्ही नदीचं पाणी कधी पीत नाही. नळाचंच पितो." मी तिला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवले. ती वाचली, बाळ राहिले नाही. हा आजार एरवी बहुतेकांना महिना-दीड महिन्यात सोडतो. पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला तो झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

सासूबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. पण नळाचे पाणी बहुधा नदीतूनच येते. ते गाळून त्यात क्लोरीन घालतात. क्लोरीन जंतू मारतो, पण पाण्यात मैल्याचा कार्बन आणि अमोनिया जास्त असला, तर क्लोरीनचा मोठा भाग त्यांच्याशीच झुंजण्यात खर्ची पडतो. नेहमीचीच मात्रा घातली तर जंतूंसाठी फारसे काही उरत नाही. त्यात गटारीशेजारची जलवाहिनी गळकी असेल, तर पुरवठा बंद असताना घाण आत ओढली जाते, आणि तिला मारायला पाण्यात क्लोरीन शिल्लक नसतो.

म्हणून माझे उत्तर असे. मेलेला मासा तुम्हाला कावीळ देत नाही. पण नदी घाण पचवू शकत नाही, हे तो सांगतो. अशा वेळी तुमच्या नळावरचा पहाराही ढिला पडू शकतो.

तुम्ही काय करायचे?

• पाणी खळखळून उकळा आणि झाकून गार करा. नुसते कोमट करून उपयोग नाही.

• तुरटीने पाणी निवळते, जंतू मरत नाहीत. स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक असेलच असे नाही.

• नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला किंवा नगरपालिकेच्या माणसाला तुमच्या नळावर क्लोरीनची तपासणी करायला सांगा. आपल्याकडची जुनी पद्धत ओटी टेस्टची. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. तपासलेले पाणी मात्र ओतून द्या, पिऊ नका.

• कावीळ पाणी प्यायल्यापासून दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. म्हणून साथ ओसरली असे वाटले तरी उकळणे थांबवू नका.

• गरोदर बाईला भूक मंदावणे, उलट्या, गडद पिवळी लघवी यांपैकी काहीही झाले तर झाडपाला आणि उतारे यांत एक दिवसही घालवू नका. थेट डॉक्टरकडे या.

पातेल्यातले पाणी तुम्ही उकळू शकता, नदी उकळता येत नाही. मैला आणि सांडपाणी नदीत जाण्याआधी प्रक्रिया केंद्रात प्राणवायू देऊन तिथेच जिरवले, तर तोच कार्बन हवेत आणि खतात परत जातो आणि मासाही जगतो. पुढच्या ग्रामसभेत किंवा मत मागायला कुणी दारात आला की रस्त्याबरोबर एवढेही विचारा: आपल्या गावचे सांडपाणी कुठे जाते, आणि प्रक्रिया केंद्र चालू आहे का? मी लिहून देतो त्या कुठल्याही औषधापेक्षा त्या उत्तराने जास्त घरांतली कावीळ टळेल.