पुरेशी वीज

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. व्होल्ट आणि अँपिअर यांच्याशी आमचा संबंध शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाबरोबरच संपला होता. चाळिशी उलटल्यावर तो पुन्हा जुळला, याला कारण झाली आमच्या पोंभुर्ण्याच्या घरातील एक फळी. सहा फूट लांब, चार फूट रुंद. तिच्यावर आम्ही लहानगी रेल्वे मांडायला घेतली होती.

पोंभुर्ण्याला रेल्वे नाही. गाडी पाहायची तर मूल किंवा बल्लारपूर गाठावे लागते. पण आमच्यापैकी एकीच्या वडिलांची सारी हयात नागभीडच्या नॅरोगेजवर पॉइंट्समन म्हणून गेली. पक्षाघातानंतर ते आमच्याकडे राहायला आले. उजवा हात गेला, डावा कापतो. नागपूर-नागभीड नॅरोगेज रुंदीकरणासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, हे त्यांना सांगितले तर ते ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीची वेळ विचारतात. या प्रश्नाला काहीतरी उत्तर असावे, एवढाच त्या फळीमागचा हेतू होता.

अशा छंदाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या कोथरूडमधील जोशी लघुरेल्वे संग्रहालय. भाऊसाहेब जोशींच्या आयुष्यभराच्या ध्यासातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. आमचा आवाका अर्थातच तेवढा नव्हता. मात्र एक गणित आमच्या बाजूने होते. नागभीडच्या रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एकास सत्याऐंशी या प्रचलित प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर भरते, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. भारतीय इंजिनाची तयार प्रतिकृती काही आम्हांला मिळाली नाही. युरोपीय धाटणीचे इंजिन आणले. बाबांनी ते निरखले आणि काही न बोलता मान हलवली.

खरा पेच वीजपुरवठ्याचा होता. एकाचा आग्रह डिजिटल पद्धतीचा. तीत रुळांवर सुमारे चौदा-पंधरा व्होल्टचा दाब कायम असतो आणि प्रत्येक इंजिनातील छोटा डीकोडर आपल्यासाठी आलेला आदेश ओळखून हवी तेवढी वीज मोटारीला देतो. बल्लारपूरच्या मोठ्या मार्गाचे तत्त्व थोडेफार असेच आहे : वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट कायम, किती घ्यायचे ते इंजिनाने ठरवायचे. दुसरीचे म्हणणे साध्या पद्धतीचे. बारा व्होल्टचा डीसी प्रवाह. दाब वाढवला की वेग वाढतो, ध्रुव उलटवले की दिशा बदलते. एकच बटण, डाव्या हाताला फिरवता येईल असे.

वाद मिटेपर्यंत, म्हणून घरातला जुना लॅपटॉपचा अडॅप्टर आणि एक साधा रेग्युलेटर आम्ही जोडला. अडॅप्टर १९ व्होल्टचा, पावणेपाच अँपिअरचा. क्षमता जास्त म्हणजे काळजी कमी, असा आमचा समज. गाडी उसळी मारून सुटली. बाबा म्हणाले, ‘‘गाडी अशी नाई सुटत वो बाई. आधी हलते, मंग चालते.’’ पुढच्याच वळणावर इंजिन सांध्यात घसरले, त्याचे चाक दोन्ही रुळांना टेकले आणि काही क्षणांत प्लास्टिकचे स्लीपर मऊ होऊन वास सुटला. बाबांचा हात रुळापासून वीतभर अंतरावर होता.

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा नीट विचार केला. अडॅप्टर बंद का पडला नाही? कारण त्याच्या लेखी काही बिघडलेच नव्हते. बारीक तारांच्या रोधामुळे त्या शॉर्टमधून चारेक अँपिअर वाहत असावेत, म्हणजे त्याच्या मर्यादेच्या आतच. पण चार अँपिअर गुणिले एकोणीस व्होल्ट म्हणजे सत्तरहून अधिक वॅट. ते सगळे त्या एवढ्याशा रुळांत आणि तारांत उष्णता होऊन उतरले. अँपिअरचा आकडा ही अडॅप्टरची ऐपत असते. तो काही तेवढी वीज इंजिनावर लादत नाही. लादला जातो तो व्होल्टचा दाब. म्हणून व्होल्ट नेमके हवेत. अँपिअर गरजेपेक्षा थोडे अधिक असावेत, पण त्यांना आवर घालणारे काहीतरी वाटेत हवेच.

मग हिशेब सोपा झाला. इंजिन आणि डब्यांतील दिवे मिळून अर्धा अँपिअर. म्हणून बारा व्होल्ट, दोन अँपिअरचा प्रमाणित अडॅप्टर, आणि वाटेत एक अँपिअरचा फ्यूज. अडॅप्टर एकच अँपिअरचा घेतला असता तर फ्यूज वितळण्याइतका प्रवाहच मिळाला नसता. रेग्युलेटरच्या जागी विजेचे बारीक बारीक स्पंद पाठवणारा कंट्रोलर बसवला. त्यात प्रत्येक स्पंद पूर्ण बारा व्होल्टचा असतो. बटण फिरवले की फक्त त्याचा काळ कमीजास्त होतो. त्यामुळे अगदी मंद वेगातही मोटार अडत नाही. गाडी आधी हलते, मग चालते.

विजेचे केंद्र आमच्याच जिल्ह्यात, चंद्रपूरला. तरी पावसाळ्यात आमच्याकडची वीज जायची ती जातेच. त्यासाठी बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी ठेवली. शॉर्ट झाल्यास बॅटरी अडॅप्टरपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओतते, म्हणून तिचा फ्यूज थेट तिच्या टोकापाशी आहे.

डिजिटल पद्धत वाईट नव्हे. अनेक इंजिने एकाच रुळावर स्वतंत्रपणे चालवायची असतील तर तीच घ्यावी. आमच्याकडे मात्र गाडी एक होती आणि चालवणारा हातही एकच.

परवा संध्याकाळी पाऊस होता, वीज गेलेली. आम्ही बॅटरी जोडून दिली. बाबांनी डाव्या हाताने बटण धरले. हात कापत होता, त्यामुळे गाडीही जरा कमीजास्त वेगाने जात होती. पण ती घसरली नाही. दोन फेऱ्या झाल्यावर त्यांनी ती सांध्याच्या अलीकडे थांबवली आणि आमच्याकडे पाहिले. सांधा बदलायचे काम आमचे होते, ते आमच्या ध्यानातच आले नव्हते.

गाडीची वेळ त्यांनी त्या रात्री विचारली नाही. सकाळी विचारली. आम्ही सांगितले, सहाची आहे.