जोड आणि बिनजोड

इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधून देण्याचे काम आम्हा मास्तर मंडळींकडे वारंवार येते, आणि बहुधा ते कोशाच्या आधाराने कसेबसे उरकता येते. परंतु परदेशी असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने अलीकडे जे टिपण धाडले, त्याने मला कोशाबाहेर पडावयास लावले. टिपण होते एका अगदी नव्या जलक्रीडेच्या नियमांचे, आणि 'हेड-टु-हेड' हा शब्द त्यात पावलोपावली येत होता. डोक्याला डोके भिडविणे हे एडक्यांचे काम. 'समोरासमोर' म्हणावे तर टकरीचा भास होतो. येथे तर दोघेही एकाच दिशेला तोंड करून धावतात. 'द्वंद्व' म्हणावे तर भीम आणि जरासंध उभे राहतात.

खेळ आहे तो असा. माणूस उभा राहील एवढी एक फळी. तिच्या तळाला खाली पाण्यात उतरणारी एक चपटी दांडी, दांडीच्या टोकाशी विमानाच्या पंखांसारखे लहान पंख, आणि त्यांच्याजवळच विजेवर फिरणारा पंखा. विजेचा साठा फळीच्या पोटात. गतीचा ताबा स्वाराच्या मुठीतील चिमुकल्या यंत्रात. वेग पुरेसा वाढला की पाण्याखालचे पंख फळीला उचलून धरतात, फळी पाण्याचा स्पर्श सोडते, पाण्याचा अडथळा एकदम घटतो, आणि स्वार पाण्यावर तरंगत नसून पाण्यापासून हातभर उंचीवरून चालला आहे असे दिसू लागते. कल्पना मात्र नवी नव्हे. इटलीच्या फोर्लानिनीने १९०६ साली माज्जोरे सरोवरावर अशी पंखांची नौका चालविली होती, आणि टेलिफोनकर्त्या ग्रॅहॅम बेलच्या नौकेने १९१९ साली ताशी ७० मैलांचा वेग ओलांडला होता. नवी आहे ती वीज. २०२४ साली जेद्दा येथे विजेवर चालणाऱ्या पंखवाल्या नौकांच्या जागतिक शर्यतमालेस प्रारंभ झाला. फळ्यांच्या शर्यती हे त्याच कुळातले धाकटे भावंड.

आता सांगोल्यास बसून हे वाचणे म्हणजे उपाशी माणसाने पक्वान्नांची यादी वाचण्यासारखेच आहे. आमच्या माणगंगेच्या पात्रात वर्षातले कित्येक महिने पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. पण शब्द सापडला तो येथेच. रविवारच्या जनावरांच्या बाजारात दोन गाडामालक बोलत उभे होते. ठाणे-रायगडकडे बैलगाड्यांच्या शर्यतीचा जो एक प्रकार चालतो, त्याचे नाव त्यांच्या बोलण्यात आले : बिनजोड. दोनच गाड्या सुटावयाच्या, एक जिंकावयाची, दुसरी हरावयाची. तिसऱ्याचा संबंध नाही. मी तेथल्या तेथे खिशातील कागदावर शब्द टिपून घेतला.

शब्दाची गंमत पहा. ज्याला जोड नाही तो बिनजोड. परंतु त्याला जोड नाही हे ठरविण्यासाठी आधी त्याला जोड लावावी लागते. हा जोड लावण्याचा प्रकार आपल्या आखाड्यात पुरातन आहे. पूर्वी जत्रेच्या मैदानात जाणती मंडळी मल्लाचे खांदे, मांड्या आणि मान नुसत्या नजरेने तोलून जोड ठरवीत, आणि ती काट्याची ठरली तर त्यांना कुस्तीपटूइतकाच मान मिळे. शर्यतीच्या नियमांचे मर्म मला येथेच दिसते. दोघांत श्रेष्ठ कोण हे विचारण्यापूर्वी, कोणत्या गोष्टीत श्रेष्ठ, हे नियमाला सांगावे लागते. विद्यार्थ्याच्या टिपणात फळ्या एकसारख्या, पंख एकसारखे, विजेचा साठा एकसारखा. जे जे समान करता येईल ते ते समान केले, म्हणजे उरलेला फरक माणसाचा. बैलगाडीत हे साधणे अशक्य. दोन बैल एकसारखे कोणत्या कारखान्यातून आणावयाचे? म्हणून आमच्याकडे उलटी रीत आहे : आदत बैल आदतांबरोबर, म्हणजे ज्यांचे दुधाचे दात अजून पडावयाचे आहेत ते त्याच वयाच्या बैलांबरोबर; चाकोरी कोणाला कोणती हे चिठ्ठीने; आणि बाकीचा फरक असू द्यावयाचा, कारण तोच तर पाहावयाचा असतो.

पुण्याकडच्या घाटात गाडा एकटाच धावतो आणि त्याचा प्रतिस्पर्धी असते घड्याळ. ही रीत सर्वांत निर्दोष आहे, आणि मला सर्वांत नीरस वाटते. घड्याळ कोणाला हुलकावणी देत नाही, कोणाकडे पाहून बिचकत नाही. दोघांच्या शर्यतीत विजय नेहमी सापेक्ष असतो. मंद गाडी अधिक मंद गाडीला हरवून गुलालात न्हाऊन निघते. परंतु तिच्यात शेजारच्या चाकांचा आवाज असतो. १८५१ पासून चालत आलेल्या 'अमेरिकाज कप' या शिडांच्या नौकांच्या स्पर्धेचा अंतिम सामना दोनच नौकांमध्ये होतो, आणि दुसऱ्याच्या शिडावरचा वारा अडविणे हा तेथे अपराध नसून कौशल्य समजले जाते. वाट कोणाची आधी, याचे नियम मात्र अत्यंत कडक. २०१३ साली सॅन फ्रॅन्सिस्कोस त्या नौका प्रथमच पंखांवर उचलल्या गेल्या. अमेरिकन नौका ८–१ अशी मागे पडली होती आणि अखेर ९–८ अशी जिंकली. एकाच धावेवर निकाल लावावयाचा नियम असता तर हे घडलेच नसते. टिपणात एका फेरीत हरलेला स्वार बाद होतो. पहिली फेरी तरी तीन धावांची करावी, असे मी त्याला कळविले आहे.

आमच्याकडील मैदानात दोनांऐवजी पाच-सात गाड्या एका वेळी सुटतात : आधी गट, मग सेमी, मग फायनल. हे इंग्रजी शब्द आता वस्तीवरल्या म्हाताऱ्यालाही पाठ आहेत. म्हणजे अंतिम विजेत्या बैलाला दिवसात तीन वेळा धावावे लागते. शासनाच्या २०१७ च्या नियमांनी एका बैलाला दिवसाकाठी तीनच धावांची मुभा ठेवली, ती या हिशेबात नेमकी बसते. त्यांतच अंतर एक हजार मीटरपेक्षा अधिक नसावे असे सांगितले. मैलोगणती जाऊन परत येण्याची आरत-पारत शर्यत त्यामुळे कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, पशुवैद्यकाची तपासणी हवी, आणि गाडीवानाच्या हाती काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देणारे उपकरण असता कामा नये. या शेवटच्या कलमापाशी मी बराच वेळ थांबलो. टिपणातल्या खेळाचा प्राणच वीज, आणि येथे तीच निषिद्ध! फळीला धक्का दिला तर ती पुढे जाते, बैलाला दिला तरी तो पुढे जातो. पहिल्या प्रकाराला आपण गती म्हणतो. दुसऱ्या प्रकाराने जिंकलेल्या शर्यतीत बैलाची परीक्षा झाली की यातनेची, हे सांगणे कठीण.

हे नियम सहज आलेले नाहीत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, असे त्या निकालाचे एक प्रतिपादन होते. २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अंतरिम परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती ग्राह्य धरली. आमच्या गावाचे नाव इतिहासात आहे ते रामराजा आणि पेशवे यांच्यामधील १७५० च्या सांगोल्याच्या करारामुळे. त्या करारात निदान दोन्ही पक्ष बोलके होते. शर्यतीच्या नियमावलीत ज्याच्यासाठी निम्मी कलमे घातली, त्या पक्षाची संमती कोणी घ्यावयाची?

ती थोडीफार विचारली जाते, असे मला वाटू लागले आहे. चाबूक गेल्यापासून निशाण पडूनही जागचा न हललेला खिलार मी पाहिला आहे. मालकाने शेपटी पिरगाळण्याचा विचार केला असावा. पण समोर चित्रीकरण चालू होते. तो बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला आणि मग त्याला चालवत बाहेर घेऊन गेला. फळीला असा नकार देता येत नाही. तिच्या पोटातला साठा संपतो, एवढेच.

परंतु नियमावलीचा अंमल अंतिम रेषेपाशी संपतो. दोघांच्या शर्यतीत प्रत्येक फेरीला निम्मे बाद होतात; बत्तीस उतरले तर एकतीस हरून घरी जातात. हरलेला फळीवाला अंग पुसतो, फळी विजेला लावतो, आणि संध्याकाळी जिंकणाऱ्याबरोबर जेवतो. हरलेला खिलार कोठे जातो? शर्यतीचे कैवारी म्हणतात की ट्रॅक्टरच्या दिवसांत हा वंश टिकला आहे तो मैदानामुळेच. माणदेशातील गोठे पाहिले म्हणजे या म्हणण्यात तथ्य आहे, हे मला मान्य करावे लागते. मात्र मैदान टिकविते ते धावणाऱ्यास. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीस बंदी आहे, आणि औत ओढण्याचे काम उरलेले नाही.

म्हणून मी रविवारच्या बाजारात अधूनमधून जातो. गिऱ्हाईक आधी बैलाचे दात पाहते, मग खूर, मग पाठीवरून हात फिरविते, आणि शेवटी विचारते, "पळतो का?" जो मालक "पळतो" म्हणतो, त्याच्याभोवती माणसे जमतात. जो "शेतीला चांगला आहे हो" म्हणतो, त्याचा बैल दुपारी दोन वाजताही तेथेच बांधलेला असतो.