ब्रेकच्या तेलातील पाणी

आदिलाबादहून निर्मलकडे जाताना महबूब घाट लागतो. त्याची वळणे उतरताना एक विचार माझ्या मनात नेहमी येतो : गाडीतील सर्व माणसांचा जीव या घटकेस चालकाच्या एका पावलावर अवलंबून आहे. त्या पावलाचा दाब चाकांपर्यंत नेतो तो नळ्यांतील ओंजळभर द्रव. द्रव दाबला तरी आकसत नाही, हेच त्याचे सामर्थ्य.

आपण त्यास ब्रेक ऑइल म्हणतो. परंतु बहुतेक गाड्यांत ते खनिज तेल नव्हे. ग्लायकॉल जातीचा तो पदार्थ हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. डॉट ३ प्रतीचा नवा द्रव २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की तो १४० अंशांवरही उकळू शकतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून तो उकळला, म्हणजे त्याची वाफ होते. वाफ आकसते, आणि पेडल पोकळ होऊन खाली जाते. सपाट रस्त्यावर हा दोष कळूनही येत नाही.

म्हणून, वाचकहो, डबी भरलेली दिसली एवढ्यावर समाधान मानू नये. पातळी उतरली, तर पॅड झिजले की गळती लागली, याचा शोध घ्यावा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने, बहुधा दर दोन वर्षांनी, जाणत्या मिस्त्रीकडून सर्व द्रव बदलून नळ्यांतील हवा काढून घ्यावी. टोपणावर लिहिलेल्या प्रतीचाच, सीलबंद डब्यातील द्रव घालावा. इंजिन ऑइल कदापि घालू नये. त्याने आतील रबर फुगते. घाट उतरताना गिअर खालचा ठेवावा.

खर्च थोडका आहे. मागच्या आसनावर मुले निर्धास्त निजतात, ती आपण हे केले आहे असे समजूनच.